मधल्या खाडीचं गाऱ्हाणं

माननीय मुख्यमंत्री, गोवा राज्य
आणि
माननीय मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस,

सविनय नमस्कार.

आमच्याकडे जत्रेला, लग्नाला, नवी होडी पाण्यात ढकलताना देवाला गाऱ्हाणं घालतात. घालणारा एकटा उभा असतो, पण बोलतो सगळ्यांच्या वतीनं, आणि त्याच्या दर वाक्यामागे जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तेरेखोलच्या खाडीवरच्या पुलासाठी लिहिलेलं हे पत्र त्याच रीतीचं आहे. फरक एवढाच की देव एक असतो आणि तुम्ही दोघं आहात. आमचं दुखणंही तिथंच आहे.

माझं माहेर केरी, तालुका पेडणे, गोवा. सासर रेडी, तालुका वेंगुर्ला, महाराष्ट्र. मध्ये तेरेखोलची खाडी. तेरेखोलच्या किल्ल्यापाशी उभं राहिलं की पलीकडे केरीची पुळण आणि सुरूची झाडं स्वच्छ दिसतात. मुलं लहान असताना मी त्यांना बोट दाखवून सांगायचे, तो बघा आजोबांच्या घरामागचा माड. नक्की कुठला माड ते मलाही ठाऊक नसायचं. पण माहेर डोळ्यांना दिसतं आणि पायांना लांब पडतं, ही गंमत लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत जुनी झालेली नाही.

ज्यांनी ही जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगावा लागेल, कारण सगळा घोळ त्यातच आहे. तेरेखोल गाव खाडीच्या उत्तर काठावर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला. जमिनीनं ते रेडीला चिकटलेलं आहे. तरी हद्दीनं ते गोव्यात मोडतं. सावंतवाडीच्या खेमसावंतांनी बांधलेला तिथला किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ साली घेतला आणि नदी ओलांडून आलेली त्यांची सत्ता त्या टेकडीवर बसली ती बसलीच. १५ ऑगस्ट १९५४ला सत्याग्रहींनी त्याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला, पकडले गेले, पण मागे हटले नाहीत. १९६१ साली गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज गेले, त्यांनी आखलेली रेघ मात्र राहिली. आज केरी आणि तेरेखोल यांची पंचायत एकच आहे आणि पंचायतीच्या मधून खाडी वाहते.

म्हणजे या खाडीच्या मुखाशी पूल बांधला तर त्याची दोन्ही टोकं गोव्यात पडतात. आणि पूल उतरून तेरेखोलमधून पुढे निघालेली गाडी काही मिनिटांत महाराष्ट्रात असते. मुंबईच्या नकाशावर हा गोव्याचा पूल, त्यांनी बघावं. पणजीच्या हिशेबात पलीकडच्या मूठभर घरांसाठी एवढा खर्च कशाला, शिवाय फायदा शेजाऱ्याला. कागदावर दोघांचंही चुकत नाही. म्हणून तर कुणी भांडतही नाही आणि कुणी बांधतही नाही.

एकदा गोव्याच्या बाजूनं काम हाती घेतलं गेलं होतं. किनारी परवानग्यांचा वाद झाला, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं आणि काम थांबलं. ते थांबवणाऱ्यांवर माझा राग नाही. परवानगी आधी घ्यायची असते, हे नवीन पडवी काढणाऱ्या माणसालाही कळतं. माझी तक्रार त्यानंतरच्या शांततेबद्दल आहे. चूक दुरुस्त करून पुन्हा अर्ज करणं आणि विषयच मिटवून टाकणं, यांत फरक आहे.

हे आज लिहायचं कारण सागरी महामार्ग. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्यानं रस्ता येणार, वाटेतल्या मोठ्या खाड्यांवर पूल होणार, असं आम्ही वाचतो. रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड. यांतल्या काही ठिकाणी लोक वर्षानुवर्षं जंगलजेटीनं गाड्या पार करत आले. तिथं पूल होतायत याचा मला आनंदच आहे. पण शेकडो किलोमीटर येऊन हा रस्ता जिथं थांबतो, ते गाव माझं. शेवटच्या खाडीचं नाव मात्र कुठल्या यादीत नाही. घरी आलेल्या पाहुण्याला ओट्यापर्यंत आणून दार लावून घ्यावं तसं हे आहे.

आता गाऱ्हाणी सांगते.

पहिलं आमच्या वेळापत्रकाचं. केरीहून तेरेखोलला फेरीबोट आहे. चालू असते तेव्हा तिच्यासारखी सोय नाही, आणि चालवणाऱ्या माणसांबद्दल माझा एक शब्द वाईट नाही. पावसात, वाऱ्यात, लोखंडी पट्टी वर-खाली करत उभं राहणं सोपं नाही. पण खाडीच्या मुखाशी वाळू सरकत राहते. मोठी ओहोटी असली की पाणी इतकं उतरतं की फेरी धक्क्याला लागत नाही. रात्री ती नसतेच. मग उरतो वळसा. रेडी, शिरोडा, आरोंदा, तिथून किरणपाणीचा पूल, पालये आणि केरी. पाच-दहा मिनिटांच्या पाण्यासाठी पाऊण तास, आणि लग्नसराईत तासाच्या वर. आमच्या घरी दोन कॅलेंडरं भिंतीला असतात, एक तिथींचं आणि एक भरती-ओहोटीचं. दुसरं जास्त बघितलं जातं.

माझे वडील गेले त्या रात्री भावाचा फोन अकरा वाजता आला. आम्ही किल्ल्याखालच्या धक्क्यावर उगाचच गेलो. फेरी नाही हे माहीत होतं, तरी पाय तिकडे वळले. समोर केरीतले दिवे दिसत होते. मग गाडी फिरवून आरोंद्याच्या वाटेनं निघालो. पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. पूल असता तर वडील वाचले असते असं मी म्हणणार नाही, त्यांचं वय झालं होतं. मी एवढंच म्हणते की ते शेवटचे दोन शब्द बोलले ते मला भावाकडून ऐकावे लागले.

दुसरं गाऱ्हाणं पोटाचं. शिरोड्याजवळ वेळागरच्या किनाऱ्याकडे आम्ही तीन खोल्या काढल्या आणि निवास-न्याहारी चालवतो. सिंधुदुर्गाला १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं, त्या भरवशावर माझ्यासारख्या अनेक घरांनी कर्ज काढून संडास-बाथरूम बांधली. आता तर उत्तरेला चिपीचा विमानतळ आहे, २०२१चा. दक्षिणेला मोपाचा आहे, त्याचं उद्घाटन डिसेंबर २०२२मध्ये झालं. दोन्हींच्या मधोमध आम्ही. एवढं नशीब कुणाचं असेल?

पण मोपाला उतरलेला पाहुणा हरमलपर्यंत येतो, केरीच्या पुळणीवरून सूर्यास्त बघतो, पलीकडचा किल्ला मोबाईलमध्ये टिपतो आणि मागे फिरतो. किल्ल्यापलीकडे रेडीचा यशवंतगड आहे. १९७६ साली खाणीच्या भागात सापडलेली गणपतीची मोठी मूर्ती आहे. जिथं १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला ती शिरोड्याची मिठागरं आहेत, आणि अजून तिथं उन्हाळ्यात पांढरे ढीग लागतात. वेंगुर्ल्याचा बाजार आहे. हे सगळं त्याच्या नजरेच्या टप्प्यात असतं आणि वाटेच्या टप्प्यात नसतं. गेल्या हंगामात एका कुटुंबानं आमच्याकडे दोन रात्री ठरवल्या होत्या. मोबाईलच्या नकाशानं त्यांना सरळ केरीच्या धक्क्यावर आणून सोडलं, कारण नकाशाला पाण्यावरची तुटक रेघही रस्ताच वाटते. ओहोटी होती. तासभर थांबले, मुलं रडायला लागली, परत हरमलला गेले. फोन करून माफी मागितली बिचाऱ्यांनी. मी केलेल्या घावण्यांचं काय झालं ते विचारू नका, आम्ही दोन दिवस तेच खाल्लं.

तिसरं बाजाराचं, आणि याच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण तो लहान माणसांचा बाजार आहे. पावसाआधी पेडण्याकडे घरोघर पुरुमेताची भरणी होते: सुकी मासळी, मिरची, आमसुलं, मीठ. शिरोड्याचं मीठ, आमच्याकडचं कोकमाचं आगळ, फणसपोळी, वेंगुर्ल्याच्या जातीचे काजू या सगळ्याला खाडीपलीकडे गिऱ्हाईक आहे. माझी वहिनी केरीत हे विकू शकते, विकतेही. पण किती? फेरीवर दोन हातांत मावेल तेवढं. टेम्पो करून वळशानं न्यायचं तर दहा किलो आमसुलांवर भाडंही सुटत नाही. १ जुलै २०१७ला वस्तू आणि सेवा कर आला, मालासाठी राज्याराज्यांमधले कराचे नाके गेले. कायद्यानं अडवणूक गेली, खाडीनं ठेवली. मोठ्या व्यापाऱ्याला याचा त्रास नाही. त्याचा ट्रक बांद्यावरून, पत्रादेवीवरून, राष्ट्रीय महामार्गानं जातो. हे दुखणं पिशवीवाल्यांचं आहे.

चौथं गाऱ्हाणं पूल झाल्यानंतरचं, आणि ते मी आजच घालून ठेवते. गाड्यांना वाट मिळाली म्हणजे माणसांना मिळाली असं होत नाही. आमच्या वाडीतला रिक्षावाला हरमलला पाहुणा सोडायला गेला तर परतताना त्याला भाडं घेता येईल का? पेडण्याचा टॅक्सीवाला वेळागरला थांबला तर त्याला कुणी हटकेल का? आज याचं उत्तर दोन बाजूंना दोन मिळतं, आणि अधूनमधून रस्त्यावरच्या हमरीतुमरीत मिळतं. गोव्याची कदंब बस आणि आपली एसटी दोन्ही पलीकडे जातात, पण मोठ्या गावांच्या मार्गांनी. वेंगुर्ला-शिरोडा-रेडी-केरी-म्हापसा अशी साधी किनाऱ्याची बस पूल झाल्यावर सुरू होणार नसेल, तर तो पूल आमच्या डोक्यावरून मुंबईच्या गाड्या गोव्याला नेण्यासाठीच बांधला असं होईल. आम्ही मग दोन्ही बाजूंना भेळ विकत बसू.

२०२०च्या टाळेबंदीत सीमा बंद झाली तेव्हा ही रेघ किती जाड आहे ते आम्हाला दिसलं. एरवी तेरेखोलची माणसं किराण्याला रेडीत येतात, सरकारी कामाला पेडण्याला जातात, आणि आपण दोन राज्यांत वावरतो हे त्यांच्या गावीही नसतं. त्या दिवसांत मागे महाराष्ट्राचा बंद रस्ता आणि पुढे पाणी. स्वतःच्या राज्यात जायला स्वतःचा रस्ता नाही, असं दुसऱ्या कुठल्या गावाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

आता विरोधी बाजू. ती लपवून पत्र लिहिलं तर घरातच मार खाईन, कारण माझा सख्खा भाऊ पुलाच्या विरोधात आहे. तो म्हणतो, "पूल होतलो तुमचो, जमीन जातली आमची." त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. किनाऱ्यावरच्या जमिनींचं काय होतं ते हरमल-मोरजीनं पाहिलं आहे. पुलाची नुसती कुजबुज झाली की दलाल पायवाटेनं फिरायला लागतात. कुळांच्या नावावर नीट न चढलेल्या जमिनी आहेत, त्यांना सगळ्यात आधी घोर लागतो. आणि केरीची पुळण दर पावसाळ्यात खचते आहे, सुरूची झाडं मुळांसकट आडवी होतात, ते मी माझ्या डोळ्यांनी बघते. तिथं मुखाशी खांब रोवले तर वाळू कुठं बसेल आणि कुठून जाईल, हे अभ्यास केल्याशिवाय सांगता येणार नाही. आत कांदळवनं आहेत, तिसऱ्या-कालवं काढणाऱ्या बायका आहेत. त्यांची खाडी ही नकाशावरची निळी पट्टी नव्हे, ती त्यांची नोकरी आहे.

म्हणून मी भावाला म्हटलं, तुझा विरोध आणि माझी मागणी एकाच पत्रात घालते. त्यानं वाचून पाहिलं. पटलं असं म्हणाला नाही, पण फाडलंही नाही.

दारूचा मुद्दाही कुणीतरी काढेलच. गोव्याची बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि त्यासाठी तपासणी करायची असेल तर जरूर करा. बांद्याला होते तशी इथंही होईल. बाटल्यांच्या भीतीनं पूल अडवायचा तर मुंबई-गोवा महामार्गही नांगरून टाकावा लागेल.

तर आमचं मागणं असं आहे.

आधी तुम्ही दोघांनी मिळून, एकाच कागदावर, हा पूल करायचा आहे की नाही ते सांगा. नाही असेल तर नाही म्हणा, आम्ही फेरी सुधारण्यासाठी भांडू. पण "विचाराधीन" हा शब्द आता नको. दोन राज्यांनी बसायचं कुठं, हा प्रश्नही नाही. पश्चिम विभागीय परिषदेत दोन्ही राज्यं सभासद आहेत, तिच्या विषयपत्रिकेवर एक ओळ घाला.

खर्च दोघांनी वाटून घ्या. पुलाची दोन्ही टोकं गोव्यात म्हणून महाराष्ट्रानं हात झटकू नयेत. तिळारीचं धरण सिंधुदुर्गात आहे आणि पाणी गोव्यालाही जातं, ते काम दोन्ही राज्यांनी मिळूनच केलं ना? मग पाण्याला जमलं ते पाण्यावरच्या पुलाला का जमू नये? आंतरराज्य जोडणीच्या कामांना केंद्राच्या रस्ते निधीतूनही वाट आहे.

परवानगी आधी, नारळ नंतर. वाळूचा, प्रवाहाचा, कांदळवनाचा अभ्यास करा, तो मराठीत आणि कोकणीत दोन्ही काठांवर लावा आणि मग सुनावणी घ्या. सुनावणी केरीत एक आणि तेरेखोल-रेडीकडे एक. पणजीत किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला नको, एका दिवसाचा रोज बुडवून तिथं कोण येणार? जागा मुखाशीच हवी असा आमचा हट्ट नाही. थोडी आत योग्य ठरत असेल तर आत घ्या. कमानींची उंची आणि खांबांमधलं अंतर ठरवताना मच्छीमारांना विचारा. त्यांच्या होड्या भरतीच्या वेळीही खालून गेल्या पाहिजेत.

पुलाची घोषणा झाल्याच्या दिवसापासून दोन्ही बाजूंच्या जमिनींचे झोन बदलणं थांबवा, निदान काम पूर्ण होईपर्यंत. भावाची मागणी आहे ही, आणि मला ती माझ्या मागणीइतकीच महत्त्वाची वाटते.

पुलावर पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलसाठी खरी जागा ठेवा, कठड्याला चिकटलेली दीड वीत नव्हे. शाळेची पोरं, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, केरीच्या आजोबा देवाच्या जत्रेला निघालेली म्हातारी माणसं तिथूनच जाणार आहेत. पथकर लावू नका. दोन्ही काठांच्या परवानाधारक रिक्षा-टॅक्सींना दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरापर्यंत व्यवसाय करू देणारा करार पुलाबरोबरच करा, उद्घाटनानंतर भांडणं झाल्यावर नको.

आणि फेरी बंद करू नका. हे पुलाच्या मागणीत विचित्र वाटेल. पण १९८६च्या जुलैमध्ये मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा पणजीच्या लोकांना पुन्हा फेरीबोटीच गाठाव्या लागल्या, हे गोवा सरकारला आठवत असेल. २०१६च्या ऑगस्टमध्ये महाडला सावित्रीवरचा पूल वाहून गेला, तेही महाराष्ट्र विसरलेला नसेल. एक बोट ठेवायला फार लागत नाही. शिवाय खरं सांगायचं तर माझ्या लग्नाचं वऱ्हाड तिच्यावरून आलं होतं, बॅण्डसकट, आणि मधोमध पोचल्यावर क्लॅरिनेटवाल्याला बोट लागली.

काम कुठल्या टप्प्यावर आहे ते दर तीन महिन्यांनी दोन्ही काठांच्या धक्क्यांवर फळा लावून लिहा. काही झालं नसेल तर "काही झालं नाही" असं लिहा. आम्ही वाचू.

तुम्ही स्वतः, किंवा तुमचे अधिकारी, पाहणीला याल अशी आशा आहे. एकाच दिवशी या, एक जण केरीच्या बाजूनं आणि एक जण रेडीच्या बाजूनं. चहा आमच्याकडे. फक्त येण्याआधी तक्ता बघून अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या ओहोटीची वेळ गाठा. भरतीला आलात तर सगळं व्यवस्थित चाललं आहे असंच दिसेल.

आपली,
केरीची लेक, रेडीची सून